पांढऱ्यावर दिसतं

साळवेबाई माणसाच्या तोंडाकडे नंतर बघतात, आधी नाकाकडे बघतात. तेही चोरून नाही. चांगलं जवळ येऊन, मान वाकडी करून, दोन्ही नाकपुड्यांची रीतसर पाहणी करतात आणि मग "बोला" म्हणतात.

माझी पाहणी झाली ती आम्ही वानवडीच्या या सोसायटीत राहायला आलो त्याच दिवशी. लिफ्ट बंद होती. आमची लिफ्ट बंद असते ही काही बातमी नव्हे, पण तेव्हा मला ते माहीत नव्हतं. चार मजले चढून मी धापा टाकत पर्समध्ये किल्ली शोधत होते, तेवढ्यात समोरचं दार उघडलं. आखूड कापलेले पांढरे केस, बिनइस्त्रीचा सुती पंजाबी ड्रेस, पायात पुरुषी बूट आणि हातात पांढराशुभ्र रुमाल. बाईंनी तो रुमाल माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, "पुसा." मला वाटलं घाम म्हणतायत. मी कपाळ पुसलं.

"कपाळ नाही हो. नाक."

आता मी टपाल खात्याच्या खिडकीमागे आयुष्य काढलेली बाई. पत्ता नीट लिहा, पिनकोड घाला, रांगेत या, हे मी लोकांना सांगायचं; मला कुणी काही सांगायची पद्धत नव्हती. पण धक्का बसला की माणूस आज्ञाधारक होतो. मी मुकाट्याने नाक पुसलं. बाईंनी रुमाल परत घेतला, जिन्यातल्या खिडकीच्या उजेडात उलटसुलट करून बघितला आणि म्हणाल्या, "स्वच्छ आहे. या, चहा टाकलाय."

त्या चहावर मला कळलं की या डॉक्टर सुमन साळवे, घोड्यांच्या डॉक्टर. रेसकोर्सवर धावणाऱ्या घोड्यांची फुफ्फुसं बघण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. मुलीने जनावरांचं शिकायचंच तर कुत्री-मांजरं बघावीत, असं कॉलेजात जो तो सांगत होता, म्हणून यांनी घोडा घेतला. "कुणी गाय सुचवली असती तर हत्ती घेतला असता," असं त्या आजही सांगतात, आणि ते अगदी खरं आहे. त्यांच्या हॉलमध्ये एक शांत बुद्धमूर्ती आहे आणि तिच्या शेजारच्या फोटोत एक घोडी. येणारा जाणारा विचारतो, ही कोण? बाई म्हणतात, "बकुळा. घरातलीच आहे."

रुमालाचं कोडं मला त्या दिवशी त्यांनी थालीपीठ खाताखाता उलगडून सांगितलं. घोडा जीव तोडून धावला की त्याच्या फुफ्फुसातल्या केसाहून बारीक रक्तवाहिन्यांवर एवढा दाब येतो, की त्यातल्या काही फुटतात. रक्त श्वासनळीत उतरतं. शर्यतीनंतर नळी आत घालून बघितलं तर बहुतेक घोड्यांत थोडंफार सापडतंच. नाकातून बाहेर मात्र फार थोड्यांच्या येतं, तेही घोडा तबेल्यात जाऊन मान खाली घालतो तेव्हा. एकदा आलं तर काही महिने सक्तीची विश्रांती, परत आलं तर शर्यत कायमची बंद. त्यामुळे ते रक्त कुणालाच बघायचं नसतं. मालकाला नाही, ट्रेनरला नाही, पैसे लावणाऱ्याला तर नाहीच नाही. साळवेबाईंना तेवढं बघायचं असायचं.

"नाकात मोहरी दिसली तर आत वाटी धरायची, आगाशेबाई," असं म्हणून त्यांनी माझ्या पानात दुसरं थालीपीठ वाढलं. ते माझ्या घशाखाली कसं उतरलं ते माझं मला माहीत.

मोहरी हे त्यांचं माप. रुमालावरचा डाग त्या दाण्यांत मोजतात. मोहरी, मूग, वाटाणा. वाटाण्याच्या पुढे गेलं की मोजत नाहीत, नळी काढतात. ही भाषा आमच्या मजल्यावर इतकी रुळली, की मे महिन्यात आमच्या ह्यांचा घोळणा फुटला तेव्हा मी कांदा हुंगवायचं सोडून समोरच्या दाराकडे ओरडले, "साळवेबाई, वाटाणा!" त्या हातातली पोळी टाकून आल्या. हे खुर्चीत मान मागे टाकून जगाचा निरोप घेत होते. बाईंनी त्यांची मान खसकन पुढे वाकवली आणि एकच प्रश्न विचारला, एका नाकपुडीतून की दोन्हीतून? एकीतून, असं मी सांगितल्यावर त्यांचा सगळा रसच गेला. एकीतून आलं तर नाकाचं, दोन्हीतून आलं तर बहुतेक आतलं, असं म्हणून त्या पोळी संपवायला गेल्या. आमच्या ह्यांना आपण फारच किरकोळ आजारी पडलो याचं अजून वाईट वाटतं.

सोसायटीत त्यांच्या तावडीतून कुणी सुटलेलं नाही. आमचे चेअरमन पहाटे पळतात आणि आपण पळतो हे दिवसभर सांगतात. त्यांना बाईंनी गेटवर, वॉचमनसमोर नाक पुसायला लावलं. लग्नामुंजीत त्या पांढऱ्या रुमालांचा बॉक्स देतात. मी निवृत्त झाले तेव्हा मलाही दिला. रंगीत रुमालाचा मात्र त्यांना मनस्वी तिटकारा. एकदा मी निळ्या फुलांचा रुमाल वापरताना दिसले तर म्हणाल्या, "काय लपवताय?" मी म्हटलं, सर्दी. तर म्हणाल्या, "मग सर्दीला एवढी फुलं कशाला? पांढरं घ्या. पांढऱ्यावर दिसतं."

पांढऱ्यावर दिसतं, हे त्यांचं पालुपद. त्यासाठी त्या गच्चीवर बादलीभर ब्लीच घेऊन बसत आणि त्या वासाने माझ्या कुरडया वाया जात. यावरून आमचं दर उन्हाळ्यात वाजायचं. मी सोसायटीकडे लेखी तक्रार केली, त्यांनी खाली "वाचलं" असं लिहून सही केली आणि ब्लीच चालू ठेवलं. या बाईंशी भांडण्यात अर्थ नसतो, पण मजा असते.

एका वरातीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आम्ही दोघी भाजी घेऊन येत होतो. समोरून वरात आली, बँड, फटाके, नवऱ्यामुलाच्या डोळ्यांवर गॉगल आणि खाली एक पांढरी म्हातारी घोडी. साळवेबाई थांबल्या. पिशवी माझ्या हातात दिली आणि वरातीच्या मधोमध जाऊन घोडीच्या तोंडाशी उभ्या राहिल्या. बँड थांबला. नवऱ्याच्या मामाने हात जोडून विचारलं, काय झालं ताई? बाईंनी घोडीच्या छातीला कान लावला, नाक पुसलं, रुमाल उजेडात धरला आणि म्हणाल्या, "हिला दम लागलाय. नवऱ्याला पाय आहेत ना?" मामाने बरीच आरडाओरड केली. बाई हलल्या नाहीत. घोड्याच्या पायात आयुष्य काढलेल्या बाईला मामाची काय भीती. शेवटी नवरामुलगा स्वतःच उतरला, त्याला बहुधा गॉगलमधून दिसतही नव्हतं. तो चालत लग्नाला गेला आणि घोडी मंडईतल्या बाईसारखी रमतगमत त्याच्या मागून गेली. कार्यालय कोपऱ्यावरच होतं म्हणून बरं, नाहीतर साळवेबाईंनी मुहूर्त चुकवला असता आणि त्याचंही त्यांना काही वाटलं नसतं.

आता बकुळा.

बकुळाचं कागदोपत्री नाव मोठं, इंग्रजी आणि राणीला शोभेल असं होतं. बाईंना ते कधी आवडलं नाही. ती पळायची मात्र खरी. पुण्याच्या सीझनला, पावसाने मऊ झालेल्या गवतावर तिला कुणी गाठू शकत नसे. एकदा तिच्या नाकाशी रक्त दिसलं होतं, विश्रांती झाली, ती परत आली आणि शर्यत जिंकली. मालकाने हार घातला, फोटो निघाले. साळवेबाई फोटोत नव्हत्या, त्या घोडीचा गळा बघत होत्या. घोडी सारखी घोट गिळत होती. समोर पाणी नाही, दाणा नाही आणि तरी घोट. रक्त घशाशी आलं की घोडा ते गिळतो, असं बाईंनी मला कितीदा तरी सांगितलंय, आणि माझा गळा बघत सांगितलंय.

तबेल्यात त्या पोचल्या तेव्हा घोडीने मान खाली घातली होती आणि कुणीतरी तिचं नाक पुसत होतं. मरून रंगाच्या फडक्याने. त्या तबेल्यात सगळी फडकी मरून होती. कुणी कधी तसा हुकूम दिला नव्हता, पण पांढरं फडकं तिथे कधी विकत आणलं जात नसे. बाईंनी ते फडकं बाजूला केलं आणि आपला रुमाल लावला. दोन्ही नाकपुड्या. वाटाणा. मालक हार हातात घेऊनच धावत आला. म्हणाला, डॉक्टर, एवढ्याशा थेंबासाठी? बाईंनी रुमाल त्याच्यापुढे, फोटोवाल्यापुढे, सगळ्यांपुढे उंच धरला.

बकुळाची शर्यत त्या दिवशी कायमची बंद झाली. मालकाला बिनशर्यतीची घोडी खाऊ घालण्यात रस नव्हता. वरातीला घोड्या पुरवणारा एक माणूस येऊन तिचे दात बघून गेला, आणि हे कळल्यावर साळवेबाईंनी स्वतःच घोडी घेतली. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या, नुकत्याच निवृत्त झालेल्या, एकट्या बाईने घोडी घेतली. लोक निवृत्त झाल्यावर तबला शिकतात.

तेव्हापासून बकुळा लोणी काळभोरला, नाना नावाच्या एका शेतकऱ्याच्या गोठ्यात, दोन म्हशींच्या शेजारी राहते. बाई रोज सकाळी स्कूटरवर सोलापूर रस्त्याने लोणीला जात. ट्रक, डंपर, उसाच्या ट्रॉल्या आणि मधे साळवेबाई. तिथे त्या गवत पाण्यात भिजवून मगच घोडीपुढे टाकत, कारण कोरड्या गवताची धूळ तिच्या फुफ्फुसाला चालत नाही. नानाला हा प्रकार सुरुवातीला वेडेपणा वाटला. म्हशी पण आता ओलंच मागायला लागल्यात, अशी त्याची तक्रार होती. मग घोडीला चालवायचं. पळवायचं नाही, चालवायचं. बांधाबांधाने, गप्पा मारत. गप्पा अर्थात बाईंच्या.

त्यांचा मुलगा मिलिंद वारज्याला असतो, कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे आणि वाईट मुळीच नाही. मिस्टर साळवे लवकर गेले, तेव्हापासून आईने एकटीने वाढवलेला मुलगा. त्याचं म्हणणं एकच, आई, आता आमच्याकडे ये, बी प्रॅक्टिकल, अकरावा मजला आहे, लिफ्ट चालू असते. बाई म्हणायच्या, लिफ्टमध्ये बकुळा बसेल का ते मोजून सांग. हा संवाद दर दिवाळीला व्हायचा आणि चिवड्याबरोबर संपायचा.

असं सगळं ठाकठीक चाललं होतं. मग गेल्या हिवाळ्याच्या अखेरीस एक दिवस मी कुरडयांची जागा बघायला गच्चीवर गेले आणि समोर काय बघते? साळवेबाईंच्या दोरीवर मरून रुमाल. एक नाही, ओळीने वाळत घातलेले. ब्लीचचा वास नाही, बादली नाही.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू. इतक्या वर्षांचं युद्ध मी जिंकले होते. संध्याकाळी त्या जिन्यात भेटल्या तेव्हा मी अगदी ठेवणीतल्या आवाजात म्हणाले, "आलात ना शेवटी रंगीतवर? काय लपवताय?" आता ही बाई मला काहीतरी झणझणीत ऐकवणार म्हणून मी सावरून उभी राहिले. त्या नुसत्या हसल्या. म्हणाल्या, ब्लीचने हात सोलवटतात हो हल्ली. आणि दार लावून घेतलं.

मला रात्रभर, म्हणजे झोप लागेपर्यंत, चुकल्यासारखं वाटत राहिलं. साळवेबाईंनी उत्तर दिलं नाही म्हणजे काय? ही बाई मामाला ऐकत नाही, चेअरमनला ऐकत नाही, आणि माझ्या एका टोमण्यावर हात सोलवटतात म्हणते?

दोन-चार दिवसांनी लिफ्ट नेहमीप्रमाणे बंद होती आणि मी वरून कचऱ्याची पिशवी घेऊन उतरत होते. खालून साळवेबाई चढत होत्या. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर त्या कठडा धरून थांबल्या. तोंड खिडकीकडे होतं, मी त्यांना दिसले नाही. मी हाक मारणार, तेवढ्यात माझं लक्ष त्यांच्या गळ्याकडे गेलं. त्या घोट गिळत होत्या. हातात पाण्याची बाटली नाही, तोंडात काही नाही. थांबून, परत घोट. मग ओढणीच्या आतून तो मरून रुमाल बाहेर आला, तोंडाशी गेला आणि तसाच मुठीत परत गेला.

माझ्या हातातली पिशवी तिथेच पायरीवर राहिली. मी मागच्या मागे वर गेले, कपाट उघडलं, निवृत्तीच्या दिवशी त्यांनी मला दिलेल्या बॉक्समधला न वापरलेला रुमाल काढला आणि त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले. त्या वर आल्या. मी रुमाल त्यांच्यापुढे धरला.

"पुसा," मी म्हणाले.

"काय झालंय तुम्हाला, आगाशेबाई?"

"मला काही झालेलं नाही. पुसा."

त्यांनी रुमाल घेतला. मग इतका वेळ दाबून धरलेला खोकला खोकल्या, तोंड पुसलं आणि सवयीने रुमाल स्वतःच खिडकीच्या उजेडात धरला.

"वाटाणा," म्हणाल्या. अगदी दुसऱ्या कुणाचा असल्यासारखं.

आम्ही आत गेलो. त्या खुर्चीत बसल्या, बूट काढले आणि पहिलं वाक्य बोलल्या ते म्हणजे, मिलिंदला सांगू नका. पावसाळ्यापासून चालू होतं. आधी मोहरी, मग मूग. स्कूटरवर धूळ बसते म्हणून असेल असं त्यांनी स्वतःला समजावलं होतं. आयुष्यभर रक्त बघत आलेली बाई स्वतःला धूळ म्हणून समजावते!

मी संतापले. घाबरले की मी संतापते, आमच्या ह्यांना विचारा. मी त्यांना काय वाटेल ते बोलले. त्या घोडीचं तुम्ही मालकासमोर, फोटोवाल्यासमोर उघडं केलंत, म्हटलं, आणि स्वतःचं मरून रुमालात गुंडाळून गच्चीवर वाळत घालताय? त्या तबेल्यातल्या लोकांत आणि तुमच्यात फरक काय राहिला?

त्या ऐकून घेत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "बकुळाचं उघडं केलं, कारण पुढे तिचं बघायला मी होते. माझं उघडं केलं तर मिलिंद मला वारज्याला नेणार आणि तिला वरातीत उभी करणार. आणि माझं बघायला कोण आहे हो?"

असं विचारल्यावर माझा उरलासुरला ताबा गेला. "समोरचं दार काय नुसतं रंगवून ठेवलंय?" मी म्हणाले आणि मला रडू फुटलं. त्यांनी मला रुमाल द्यायला हात पुढे केला. मरून. मग तो बघून आम्ही दोघीही थांबलो, आणि त्यांनी तो टेबलाखालच्या केराच्या टोपलीत टाकला.

दुसऱ्याच दिवशी मी त्यांना छातीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर तरुण होता, गोड बोलत होता. आजी, घाबरू नका हं, नाकातून एक बारीक नळी आत घालू, असं त्याने म्हणताच मी डोळे मिटले. साळवेबाईंनी त्याला नळी किती जाड आहे ते विचारलं, मग दिवा कुठल्या बाजूला आहे ते विचारलं, मग स्वतःची नळी माणसाच्या उंचीएवढी होती आणि पेशंट लाथ मारायचा, हे सांगितलं. पडदा आपल्याकडे वळवायला लावला तो लावलाच. नळी नाकात असताना बाईंना बोलता येत नव्हतं, तर त्या बोटाने डॉक्टरला रस्ता दाखवत होत्या, डावीकडे, अजून डावीकडे. तो बिचारा घामाघूम झाला. निघताना मी त्याला माझ्याकडचा एक पांढरा रुमाल दिला.

फुफ्फुसाच्या एका कोपऱ्यात जुन्या न्यूमोनियाची खोड राहून गेली होती, तिथे श्वासाच्या नळ्या सैल पडून सुजत होत्या आणि रक्त तिथून येत होतं. औषधाने आटोक्यात येईल, पण वेळ लागेल, हयगय चालणार नाही. धूळ बंद, स्कूटर बंद. अजून थोडे दिवस अंगावर काढलं असतं तर मामला अवघड होता, हे त्याने मला बाजूला घेऊन सांगितलं. मी ते बाजूला न ठेवता बाईंना जसंच्या तसं सांगितलं.

मिलिंदला फोन मी केला, त्यांच्यासमोर, त्यांचा हात झटकून. तो तासाभरात आला, पांढराफटक पडला होता. आल्या आल्या त्याने आईची बॅग भरायला घेतली. कपाटातले पांढरे ड्रेस काढत तो एकटाच बोलत होता. आता काही ऐकणार नाही, आई, खूप झालं, घोडीसाठी मी कुठली तरी चांगली जागा बघतो, लोक असतात, ट्रस्ट असतात. बाईंनी त्याला सगळं बोलू दिलं. मग उठल्या आणि बॅगेतले ड्रेस काढून परत कपाटात ठेवले.

"मिलिंद, मी बकुळाची शर्यत बंद केली होती," म्हणाल्या. "चालणं नाही. रक्त येतं म्हणून तिला कुणी कायमचं बांधून घातलं असतं तर मी त्याला फोडून काढलं असतं. माझी स्कूटर बंद. किल्ली ही घे. औषध मी घेईन, तपासायला येईन, तू म्हणशील तिथे सही करीन. पण मला बांधायचं नाही."

तो म्हणाला, तू एकटी आहेस इथे, आई. त्यावर मी दारातून म्हणाले की तिसरं माणूस दारात उभं असताना असं म्हणणं बरं दिसत नाही. मिलिंदने माझ्याकडे बघितलं, आईकडे बघितलं, आणि रिकामी बॅग बंद केली. बिचाऱ्याला आईचा स्वभाव ठाऊक होता, माझा त्या दिवशी कळला.

तेव्हापासून आम्ही दोघी हडपसरला जाऊन लोणीची बस पकडतो. साळवेबाईंच्या तोंडाला मास्क आणि माझ्या तोंडाला बसच्या वेळापत्रकाबद्दल जे काही येईल ते. कंडक्टरने पहिल्या दिवशी विचारलं, कुठे निघालात मावशी, देवाला का? बाई मास्कमधून म्हणाल्या, घोडीला. त्याने गुपचूप तिकिटं फाडली. रविवारी मिलिंद गाडीने नेतो. तो बांधावर चार पावलं चालला की आई त्याचं नाक पुसते, भर शेतात, एवढ्या मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाचं.

गवत आता मी भिजवते. साळवेबाई लांब, वाऱ्याच्या बाजूला उभ्या राहून माझ्या चुका काढतात. पाणी कमी पडलं, खालचं कोरडंच आहे, टपाल खात्यात काय असंच करायचात का. नाना मधेच येऊन म्हणतो, "डॉक्टरीणबाई, घोडी सकाळपासून रस्त्याकडंच बघती हाय." हे तो रोज म्हणतो आणि त्या रोज खूश होतात.

परवा बकुळाला चालवून आणली. ती आता म्हातारी झालीय, पोट सुटलंय, पण बांधावर वळताना मान अशी उचलते की अजून कुणी तिच्या पुढे जाऊन दाखवावं. बाईंनी तिचं नाक पुसलं, रुमाल उन्हात धरला. स्वच्छ. घोडीच्या कपाळाला कपाळ लावून काहीतरी पुटपुटल्या, ते माझ्यासाठी नव्हतं. मग मास्क खाली ओढला, थोडं खोकल्या, दुसऱ्या रुमालाने तोंड पुसलं. मी सवयीने दुसरीकडे बघितलं. इतके दिवस त्या हे करताना मी दुसरीकडेच बघत आले होते. किती झालं तरी दुसऱ्याचा रुमाल.

"आगाशेबाई," त्यांनी हाक मारली. रुमाल माझ्यापुढे धरला होता. "चष्मा लावा आणि बघा."

मी पर्समधून चष्मा काढला. रुमाल हातात घेतला, उन्हात धरला, त्यांच्यासारखाच उलटसुलट केला.

"आहे," मी म्हणाले. "मोहरी."

"नक्की? मूग नाही?"

"साळवेबाई, मी जन्मभर लोकांची अक्षरं वाचलीत. मोहरी म्हणजे मोहरी. गेल्या आठवड्यात तुम्हीच मूग म्हणाला होतात."

"म्हणजे उतरतंय," त्या म्हणाल्या.

"उतरायलाच हवं," मी म्हणाले. "नाहीतर गाठ माझ्याशी आहे."

त्या हसल्या, आणि रुमाल परत मागितला नाही. मी तो घडी घालून माझ्या पर्समध्ये ठेवला आणि आम्ही बस गाठायला निघालो. घरी आल्यावर तो मी बादलीत टाकला, वर झाकणभर ब्लीच ओतलं आणि बादली घेऊन गच्चीवर गेले. कुरडया बाजूला सरकवल्या.